दोन थापा

देवदत्तने पाण्याबाहेर डोकं काढलं आणि टाचेतली कळ डोक्यात पोहोचायच्या आत तो हसला. रामघाटाच्या दगडी बुरुजावरून पाठशाळेतली पोरं बघत होती.

"कसं होतं?" शार्दूल वरून ओरडला.

"एकदम मस्त!"

गंगा दोन दिवसांत सात पायऱ्या चढली होती. गढूळ पाण्याखालच्या एका पायरीने देवदत्तची टाच फाडली होती. पाठोपाठ शार्दूलने उडी मारली. तो उंच, म्हणून पायऱ्यांच्या पलीकडे पडला. आता वर काठावर मुकुल उभा होता. बारा वर्षांचा, हडकुळा. त्याची उडी तिथवर पोहोचणार नव्हती.

"अबे कूद!" शार्दूल पाण्यातून ओरडला. "देवदत्त कूदा, हम कूदे, तू ही बचा है!"

"आई आली की कूदेगा!" वरून कुणीतरी म्हणालं. पोरं खिदळली.

देवदत्तच्या ओठांवर 'नको' आलं होतं. पण या टोळीत 'नको' म्हणजेच आव्हान. गेल्या आठवड्यात त्यानेच मुकुलला चिडवलं होतं, "नको रे, तुला जमायचं नाही." मुकुल तेव्हापासून दात-ओठ खाऊन होता.

मुकुलने पंचा कसला. पायाची बोटं काठाबाहेर आली.

देवदत्तने हात उचलला आणि पायरीच्या ओल्या दगडावर दोनदा थाप मारली.

मुकुल थांबला. सगळेच थांबले.

वेणीमाधव गुरुजींच्या वर्गात हा एकच कडक नियम होता. सगळे एका सुरात मंत्र म्हणत असताना जो चुकला, त्याने स्वतःच जमिनीवर दोन थापा द्यायच्या. त्यासरशी सर्वांनी गप्प व्हायचं. हसायचं नाही. तीन वर्षांत देवदत्तने एकदाही थाप दिली नव्हती. तो चुकला की आवाज चढवायचा, आणि बाकीचे त्याच्यामागून तीच चूक म्हणायचे. गुरुजी नुसते त्याच्याकडे बघत राहायचे.

"कुठे चुकलं?" मुकुलने वरून विचारलं. आवाज अगदी वर्गातला होता.

देवदत्तने पाय पाण्याबाहेर काढून दगडावर ठेवला. लाल धार पायरीवरून पाण्यात उतरू लागली.

"इथे," तो म्हणाला. "पहिल्यापासून."

कुणी हसलं नाही. मुकुल काठावरून मागे सरला आणि पायऱ्यांनी खाली येऊ लागला.