विसळलेल्या हार्डडिस्क

कॉपी ठेवण्याच्या बाबतीत मी कुणाचंही ऐकत नाही. नवऱ्याचंही नाही. दत्तप्रसाद लग्नांचं शूटिंग करतो, मी एडिटिंग करते आणि नारायण पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत कायदा माझा चालतो. प्रत्येक लग्न तीन हार्डडिस्कवर. दोन घरात, तिसरी कर्वेनगरला माझ्या धाकट्या भावाकडे, अनिरुद्धकडे. घराला आग लागो, चोर येवो, लग्न शाबूत राहिलं पाहिजे. "त्यापेक्षा बँकेच्या लॉकरमध्ये ठेव ना," असं दत्तप्रसाद मला चिडवतो. चिडवू दे. महिन्याभराने नवरा-नवरीला 'जरा पुन्हा हार घाला' असं सांगता येत नाही.

दहा-बारा वर्षांपूर्वी आम्हाला चक्क पितृपंधरवड्यात लग्नाचं काम मिळालं. एरवी त्या दिवसांत आम्ही माश्या मारत बसतो, कारण मुहूर्तच नसतात. पण दापोडीचे ओव्हाळ बौद्ध, त्यांना पंचांगाशी काही देणंघेणं नव्हतं. हॉलही हवा तो मिळाला. सासूबाईंनी नाक मुरडलं. मी म्हटलं, "आपल्याला लग्न लावायचं नाहीये आई, फक्त शूट करायचंय."

लग्न अपेक्षाचं. हिंजवडीला एका कंपनीत होती, बोलायला चटपटीत. लग्न तोंडावर आलं आणि तिच्या वडिलांच्या, संभाजीरावांच्या, छातीत कळ आली. बायपास करायची ठरली. अपेक्षा लग्न पुढे ढकलायला निघाली, तर त्यांनी पलंगावरूनच दटावलं, "तारीख हलवायची नाही. मी फिल्म बघेन." ते दवाखान्यात असतानाच लग्न लागलं. हॉलमधून निघताना अपेक्षाने माझा हात धरला.

"पूर्वाताई, बाबा दसऱ्याला घरी येतील. धम्मचक्र प्रवर्तन दिन आहे, सगळे आमच्याकडे जमतात. त्यांना त्याच दिवशी बघायचंय. मिळेल ना?"

"मिळेल म्हणजे काय! मिळालीच समज."

खंडेनवमीच्या आधीच फिल्म तयार झाली आणि तिन्ही हार्डडिस्कवर चढली. त्या भरवशावर मी कॉम्प्युटर रिकामा केला आणि कॅमेऱ्याची कार्डं पुसून दत्तप्रसादला दांडियाच्या शूटिंगला देऊन टाकली. दसऱ्याला सकाळी डीव्हीडी काढायची, की झालं.

खंडेनवमीला मी मंडईतून फुलं घेऊन घरी आले. सासूबाईंनी पाटावर सगळी हत्यारं मांडली होती. विळी, कात्री, कॅमेरे, ट्रायपॉड आणि पुढे ओळीने तीन हार्डडिस्क. तिन्हींवर हळदीकुंकवाची बोटं. तिन्ही चकचकीत.

"तिसरी कुठून आली?" मी विचारलं.

"अनिरुद्धला फोन केला मी. ऑफिसला जाताजाता देऊन गेला बिचारा." सासूबाई खुशीत होत्या. "एकच अवजार पूजेवाचून राहिलेलं बरं दिसतं का?"

"आणि या ओल्या का आहेत?"

"अगं, विळी धुतली, त्यातच याही. घासल्या नाहीत हो, नुसत्या विसळल्या."

वर्षानुवर्षं ज्यांना मी एका छपराखाली येऊ दिलं नव्हतं, त्या तिघी एका नळाखाली आंघोळ करून एका पाटावर बसल्या होत्या. मी एक उचलली.

"पूजेतलं हत्यार दसऱ्यापर्यंत हलवायचं नसतं," सासूबाई म्हणाल्या.

मी हलवलं. आतून पाणी टपकलं. ओली हार्डडिस्क कॉम्प्युटरला जोडली तर उरलीसुरली आशाही जळते, हे मला माहीत होतं. अशी दुकानात दिली तर वाचलीही असती, पण दसऱ्यानंतर कधीतरी. डोळ्यांसमोर अपेक्षा आली, तिने धरलेला माझा हात आला. आणि मग आला तो राग. तो काढायला हक्काचा माणूस एकच. मी अनिरुद्धला फोन लावला.

"अन्या, गाढवा, तुला काय सांगून ठेवलं होतं मी?"

"काय झालं, ताई?"

"माझी हार्डडिस्क सासूबाईंना का दिलीस?"

"तुझी कुठे दिली?" तो गोंधळून म्हणाला. "तूच म्हणाली होतीस, प्रत्यक्ष ब्रह्मदेव आला तरी माझ्याशिवाय कुणाला द्यायची नाही. तुझ्या सासूबाईंना नाही म्हणवेना आणि तुझी तर धडगत नाही. मग माझी दिली, सिनेमांची. दिसायला सारखीच आहे. पूजेला काय, कुठलीही चालते."

मी खुर्चीत बसले. हसू आणि रडू एकदमच आलं.

"तुझी माझ्याच कपाटात आहे," तो म्हणाला. "आणि माझी कधी मिळेल गं?"

"वाळली की."

मी तशीच रिक्षा करून कर्वेनगर गाठलं. माझ्या जिभेला लोक उगाच नावं ठेवतात.

दसऱ्याला दुपारी आम्ही दापोडीला गेलो. घर पांढऱ्या कपड्यांतल्या पाहुण्यांनी भरलेलं. संभाजीराव छातीशी उशी धरून सोफ्यावर, शेजारी अपेक्षा आणि जावई. मी डीव्हीडी लावली.

पडद्यावर भंतेजींनी त्रिशरण म्हणायला सुरुवात केली, तसे संभाजीराव उशी बाजूला ठेवून उठू लागले.

"बाबा, बसा. डॉक्टरांनी सांगितलंय," अपेक्षा म्हणाली.

"लग्न लागताना बाप बसतो होय?"

ते हात जोडून उभे राहिले आणि भंतेजींच्या मागोमाग पुटपुटू लागले. मग सगळी खोली उभी राहिली. मीसुद्धा. मला त्यातला एकही शब्द येत नव्हता, पण माझे डोळे वाहत होते आणि मी ते पुसले नाहीत.

पडद्यावर हार घातले गेले. चहूबाजूंनी फुलं उडाली. संभाजीरावांनी समोरच्या ताटातून मूठभर पाकळ्या उचलल्या आणि टीव्हीच्या दिशेने हात उगारला.

"बाबा, तिकडे नको. मी इथे आहे."

ते वळले. त्यांनी दोघांच्या डोक्यावर पाकळ्या टाकल्या.

"लग्नाला उशीर झाला गं मला," ते म्हणाले.

"कुठे उशीर, बाबा? आत्ताच तर लागलं."