माझ्या माथ्यावरची ओळ

मी एक जुना फळा आहे. लाकडी नव्हे, सिमेंटचा. घानामध्ये, व्होल्टा नदीकाठच्या एका शाळेत गवंड्याने मला भिंतीतच थापले. मित्रांनो, लाकडी फळ्याला निदान जागा बदलता येते. मी जन्मलो तिथेच चिणलेला आहे, आणि मला तोंडही नाही.

दर सत्राच्या आरंभी मुले कोळसा, जुन्या सेलमधली काळी भुकटी आणि कसावा या कंदाची पाने कुटून लेप करतात आणि मला काळाभोर करतात. त्या दिवशी नवा सदरा मिळाल्यासारखे वाटते.

क्पोडो सर गणित शिकवत तेव्हा माझी ऐट काही औरच होती. दोन पदांच्या गुणाकाराचे विकलज, म्हणजे डेरिव्हेटिव्ह, कसे काढायचे, भागाकाराचे कसे, हे ते गुणगुणत लिहीत. निवृत्तीच्या दिवशी मुलांना आठवण म्हणून त्यांनी दोन्ही नियम माझ्या माथ्यावर पांढऱ्या तैलरंगाने लिहिले. त्यांचे डोळे भरून आले होते. गुणाकाराच्या नियमात बेरीज असते. आधी कोण, मागून कोण, काही बिघडत नाही. भागाकाराच्या नियमात वजाबाकी असते. तिथे त्यांनी मागचे पुढे लिहिले आणि निरोप घेऊन गावी गेले.

त्यांच्या जागी त्यांचेच विद्यार्थी अग्बेको सर आले. मूळचे भूगोलाचे, गणित गळ्यात पडलेले. गुरूच्या अक्षराला हात कसा लावायचा? मुले त्या दोन्ही ओळी सोडून भोवतीनेच मला काळे करीत. नऊ वर्षे मुलांनी ती चुकीची ओळ एका सुरात घोकली आणि परीक्षेत आपटी खाल्ली. चूक माझ्याच कपाळावर होती आणि मला ती पुसता येत नव्हती. फार गुदमरायचो, मित्रांनो.

एसिनाम त्या मुलांतलीच. एकदा नापास झालेली, पुन्हा परीक्षेला बसणारी. "या खेपेला नाही जमलं तर माझ्याबरोबर चुलीपुढे कसावाचा कीस भाजायला बसायचं," असे मावशीने बजावले होते. त्या सत्रात मला काळे करण्याची पाळी तिची होती. फडके हातात घेऊन ती माझ्या माथ्यावरची भागाकाराची ओळ पुन्हा पुन्हा वाचत राहिली. मग सरांकडे वळली.

"सर, क्षचा घन भागिले क्ष, म्हणजे क्षचा वर्गच ना? त्याचं विकलज दोन क्ष."

"बरं, मग?"

"या ओळीनं केलं की उणे दोन क्ष येतं."

"म्हणजे क्पोडो सर चुकले आणि तू शहाणी?"

"मी तर नापासच आहे, सर. पण तुम्ही एकदा करून बघा ना."

सरांनी खडू घेतला. एकदा केले, दोनदा केले. उणेच आले. ते बाकावर बसले.

"नऊ वर्षं," ते म्हणाले. "आणि मी पोरांनाच मठ्ठ म्हणत होतो."

मग उठून त्यांनी तिच्या हातातले फडके घेतले, लेपात बुडवले आणि ती ओळ स्वतःच्या हाताने झाकली.  मला नऊ वर्षांनी श्वास मिळाला.

एसिनाम पास झाली. तिच्याआधीच्या मुलांचे काय झाले, ते मला कोणी सांगत नाही. मी अजून भिंतीतच आहे. मित्रांनो, मला खुशाल जपा, काळे करा, पण माझ्यावर लिहिले आहे एवढ्यावरून ते खरे मानू नका. लेपाखाली तो तैलरंग अजून उंच लागतो आणि तिथून जाताना खडू अडखळतो. तेव्हा अग्बेको सर थांबतात आणि वर्गाला विचारतात, "कोणी करून पाहिलं का?"