तिसऱ्या मजल्याची चावी

"काका, उघडा ना दार! चावी आहे तुमच्याकडे."

मी म्हटलं, पण ज्ञानदेवकाकांनी नुसती पुन्हा टकटक केली. आतून फक्त टीव्हीचा आवाज येत होता. तिसऱ्या मजल्यावरच्या मिसेस नोवाक ब्याऐंशी वर्षांच्या, एकट्या राहायच्या. सकाळचे दहा वाजले होते आणि मी जिन्यात लावलेला थर्मामीटर सदतीस अंश दाखवत होता. १९९५चा जुलै. शिकागोत उष्णतेची लाट आली होती.

"साहेबांना विचारल्याशिवाय नाही, उपासना. मार्चमध्ये पाइप फुटला तेव्हा उघडलं, तर बाईंनी कंप्लेंट केली. साहेब म्हणाले, पुन्हा असं केलंत तर बेसमेंट खाली करा."

बेसमेंट म्हणजे काकांचं घर, नोकरीबरोबर मिळालेलं. डेव्हन अ‍ॅव्हेन्यूजवळची ही बारा फ्लॅटची बिल्डिंग ते नऊ वर्षं सांभाळत होते. मालक विनयसाहेब दूर सबर्बमध्ये राहायचे. हुकूम त्यांचे, शिव्या मात्र काकांना.

खाली येऊन काकांनी फोन लावला. आन्सरिंग मशीन लागलं. साहेब फॅमिलीबरोबर नायगाऱ्याला गेले होते. काकांनी मेसेज ठेवला.

"मी पोलिसांना कॉल करू?"

"नको गं. दारात पोलिसांची गाडी दिसली की साहेब भडकतात. झोपल्या असतील बाई."

मी याच बिल्डिंगमध्ये भाड्यानं राहून बायोकेमिस्ट्री शिकत होते, पण पार्टटाइम हिस्ट्री डिपार्टमेंटची जुनी पत्रं टाइप करायचे. सतराव्या शतकातल्या एका इंग्लिश जहागिरीच्या कारभाऱ्यानं लंडनच्या मालकाला लिहिलेली. काकांना ती ऐकायला आवडायची. त्या दिवशी मी मुद्दाम एक सांगितलं. कुळाच्या घरावर झाड कललं होतं. तोडू का, असं कारभाऱ्यानं विचारलं. उत्तराला चौदा दिवस लागले. झाड दहाव्या दिवशीच पडलं.

"कोणी मेलं?"

"दोघं."

काकांनी खिशातली चावी चाचपली. "पण न विचारता तोडलं असतं तर कारभाऱ्याचं घर गेलं असतं की."

मी वाद घातला नाही. कॉलही केला नाही. लॅबमध्ये एसी होता. तिकडे निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोलिसांना बोलावलं. ते वर दार उघडत असतानाच खाली साहेबांचा फोन आला. स्पीकरचं बटण मी दाबलं.

"काका, मेसेज आत्ता ऐकला. बाईंचं काही झालं असेल तर आपल्याला कोणी काही सांगितलंच नव्हतं. ओके? मेसेज मी इरेज करतो. घराची चिंता करू नका, ते तुमचंच आहे."

"हो साहेब."

मिसेस नोवाकचा मृतदेह खाली नेल्यावर पोलीस वही काढून काकांसमोर उभा राहिला. काही तरी गडबड आहे हे कधी कळलं, त्यानं विचारलं.

"यस्टर्डे. टेन ओ'क्लॉक मॉर्निंग."

"अँड यू हॅड अ की?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "यस सर. इन माय पॉकेट."

दुपारी मी त्यांच्याकडे डबा घेऊन गेले. काकांनी पोलिसाला काय सांगितलं, ते साहेबांना अजून कळलेलं नव्हतं. काकांनी भिंतीवरची बाबासाहेबांची तसबीर उतरवली होती आणि ती ते वर्तमानपत्रात गुंडाळत होते. काचेला धक्का लागू नये म्हणून कोपऱ्यांवर दुहेरी घडी घालून.