आपलं वजन आपण काढावं

"बसा अक्साकाल, आधी चहा घ्या," म्हणत एल्दियारनं अपघाताचं रजिस्टर माझ्या हाताखालून अलगद ओढून घेतलं. "कुठे त्या कागदाच्या नादी लागताय!"

"तो कागद खोटा आहे," मी म्हणालो.

एल्दियार जिमचा मॅनेजर. त्यानं चार ओळी लिहून ठेवल्या होत्या. सफाई कामगार जिपारा हिनं परवानगी नसताना साहित्याला हात लावला, वजनांचा बार उलटून तिच्या पायाचं हाड मोडलं, चूक तिची. सही तेवढी बाकी होती. ती झाली की बाईची नोकरी गेलीच.

चूक माझी होती.

मी सदुसष्ट वर्षांचा. चाळीस वर्षं बिश्केकभर लिफ्ट दुरुस्त करत हिंडलो. बायको गेल्यापासून रोज सकाळी या तळघरातल्या जिमला येतो. गुडघ्यांसाठी, असं सांगतो. खरं म्हणजे घरात बोलायला कुणी नाही. इथे सगळे मला अक्साकाल म्हणतात. दाढी पांढरी झाली की आमच्याकडे एवढा मान फुकट मिळतो.

पहिल्याच दिवशी मी बारवरच्या प्लेट काढायला लागलो, तर दोघं-तिघं धावत आले. "अहो अक्साकाल, आम्ही काय मेलोय का?" तेव्हापासून माझं वजन दुसरेच उतरवत आले. आधी मला संकोच वाटला, मग बरं वाटायला लागलं, मग तो हक्कच झाला. समोरच्या भिंतीवर चौथा नियम मोठ्या अक्षरांत लिहिलाय: आपलं वजन आपण काढावं, नाहीतर तीन महिने प्रवेश बंद. बैठका मारताना मी तो रोज वाचायचो. आपल्यासाठी नाही, असं समजून वाचायचो.

सोमवारी जिममध्ये चिटपाखरू नव्हतं. मी सवयीनं बार तसाच भरलेला ठेवून निघालो. दोन्ही बाजूंना पंचवीस-पंचवीस किलो. जिपाराला स्टँडखालची फरशी पुसायची होती. तिनं एका बाजूच्या प्लेट काढल्या, आणि बार उलटला. एका बाजूचं वजन काढलं की दुसरी बाजू काय करते, हे लिफ्टवाल्याला शिकवावं लागत नाही. बादली-फडक्याचं काम करणाऱ्या बाईला ते कुठून ठाऊक असणार?

"नियम पोरांसाठी असतात हो," एल्दियार समजावत होता. "तुम्हाला बाहेर बसवलं तर माझी आई मला घरात घेईल का?"

"आणि जिपाराला बसवलंस तर घेईल?"

त्यानं पेन उचललं. मग म्हणाला, "बरं, असं करू. कुणाचीच चूक नाही, असं लिहू. झालं?"

खोटं कशाला बोलू, मला मोह झाला. मी थकलो होतो. हिवाळा तोंडावर होता, आणि खरं लिहिलं तर तीन महिने घरी, नवव्या मजल्यावर, भिंतींकडे बघत काढावे लागणार होते.

"कुणाचीच नाही म्हणजे उद्या पुन्हा तिचीच होईल," मी म्हणालो. "आण ते इकडे."

त्याच्या चार ओळी खोडल्या. माझं नाव, चौथा नियम, तीन महिने, सगळं स्वतःच्या हातानं लिहिलं आणि सही केली. सभासदाचं कार्ड टेबलावर ठेवलं. एल्दियारनं ते उचललं नाही, पण खाली आपलीही सही केली. दाराशी येऊन माझा कोट मात्र त्यानं धरला. नको म्हणायचं त्राण माझ्यात नव्हतं.

तिथून मिनीबसनं शहराच्या टोकाला जिपाराच्या घरी गेलो. तिनंच दार उघडलं, प्लास्टरचा पाय अधांतरी धरून.

"अगबाई, अक्साकाल! या, वर बसा, वर बसा." भिंतीला धरून लंगडत ती दारासमोरच्या भिंतीकडे निघाली, वडीलधाऱ्यांच्या जागेवर जाड गादी पसरायला.

"जिपारा, बस आधी. मी माफी मागायला आलोय."

"असं बोलू नका, मला पाप लागेल. माझंच नशीब फुटकं. तुम्ही वर बसा ना!"

एका पायावर उभी होती बिचारी. घाम फुटला होता, तरी मी बसल्याशिवाय बसायला तयार नाही. मला स्वतःची लाज वाटली. मी तिथेच, दाराशी, घरातल्यांच्या चपला-बुटांशेजारी फरशीवर बसलो. गुडघे कुरकुरले.

"अहो, तिथे काय बसताय! कुणी बघितलं तर?"

"बघू दे. जिममध्ये लिहून दिलंय, चूक माझी होती म्हणून. तुझी नोकरी शाबूत आहे."

ती भिंतीला पाठ घासत हळूहळू खाली बसली, प्लास्टरचा पाय पुढे पसरून. दोन वर्षांत पहिल्यांदाच तिनं माझ्या डोळ्यांत डोळे घालून पाहिलं.

"पन्नास किलो होतं हो ते," ती म्हणाली. तिचा आवाज चढला. "रोज उचलत होता ना? मग काढायला जमत नव्हतं?"

"जमत होतं," मी म्हणालो.