परकरांचं गाठोडं

सीनेला पूर आला आणि परंडा तालुक्यातली नदीकाठची गावं पाण्यात गेली, तेव्हा सास्तूरच्या तरुण मंडळानं सर्वांत आधी फ्लेक्स छापून आणला. मदत गोळा करायला दुसऱ्या दिवशी सुरुवात झाली. फ्लेक्सवर मंडळाचा अध्यक्ष रणधीर हात जोडून उभा होता, त्याच्यामागं अकरा जण तसेच. पूरग्रस्तांना जागा उरली नव्हती.

मदत मात्र मनापासून आली. लोकांनी कपाटं रिकामी केली. टेम्पोत लग्नातले कोट आले, तोकडे झालेले गणवेश आले, कुणाच्या तरी मेव्हण्याची शेरवानी आली. रणधीरच्या शेजारची धुरपदाबाई काखेत गाठोडं घेऊन हे सगळं बघत उभी होती.

"आत्या, काय आणलंय?" रणधीरनं विचारलं.

"परकर. चाळीस हायेत."

टेम्पोवरची मंडळी खदखदली.

"जुने?"

"कोरे. बंडप्पा शिंप्याकडनं शिवून घेतले."

येरमाळ्याच्या येडेश्वरीला साडीचोळी नेसवायचा तिचा नवस होता. त्याच पैशात हे कापड आलं होतं. देवीकडं साड्या रग्गड असतात आणि देवीचं घर काही वाहून गेलेलं नाही, एवढं ती देवीला समोरासमोर सांगणार होती. देवी बाईमाणूस, तिला कळेल.

रणधीरला कळेना. "आत्या, वाटपाचे फोटू काढावे लागत्यात. परकर हातात धरून फोटू कसा काढायचा? लोक हसतील. आन् जागाबी न्हाय. फुडच्या खेपेला बघू."

"कुणाच्या खेपेला? टेम्पोच्या का पुराच्या?"

मंडळी पुन्हा हसली. धुरपदाबाई हसली नाही. तिनं रणधीरला दंडाला धरून टेम्पोच्या आडोशाला नेलं.

"भूकंपाच्या वक्ताला तू व्हतास का रं?"

"जलमलो न्हवतो."

"मग ऐक. टरकाच्या टरका आल्या. कोट, टाय, एकाच पायाचे बूट. तुझा आजा सुटाचा कोट घालून औत हाकायचा, बैल बुजायचे. मला साडी मिळाली. चांगली जरीची. परकर कुणीच दिला न्हवता. मला मातीतनं काढली तवा अंगावरचं समदं फाटलेलं. साडी खोचावी कशात? कमरेला सुतळी बांधली."

रणधीर काहीतरी बोलणार होता. ती थांबली नाही.

"तिसऱ्या दिशी माझी वर्षाराणी घावली. चार वर्साची. समद्यांना एकाच चितेवर घेतलं. वरनं पाऊस. साडी अंगाला चिकटायली, सुतळी सुटायली, आन् समोर माणूसच माणूस. म्या ताडपत्रीमागं बसून ऱ्हायले. गेलेच न्हाय. तुझे मामा, आमचे मालक, गेले एकलेच."

ही गोष्ट तिनं कुणालाच सांगितली नव्हती. नवऱ्याला तिनं चक्कर आली असं सांगितलं होतं, आणि तो बिचारा तेच खरं धरून वारला.

रणधीर टेम्पोत चढला. शेरवानी खाली आली, कोटांची दोन पोती खाली आली.

"आत्याला डायवरजवळ बसवा," तो म्हणाला. "गाठोडं त्यांच्या मांडीवर ऱ्हाऊ द्या."

नदीकाठच्या गावात माणसं शाळेत आणून ठेवली होती. पटांगणात रांग लागली. घेणारा हात जोडायचा, देणारे फोटोत यायचे. एका वर्गात मात्र पंधरावीस बाया कोपरा धरून बसल्या होत्या. चिखलानं ताठ झालेल्या साड्यांत त्या दोन दिवस तशाच होत्या. पंचनाम्याला बोलावलं तरी उठत नव्हत्या.

धुरपदाबाईनं गाठोडं त्यांच्यामधे सोडलं. "घ्या गं. मी न्हाय वाटणार," एवढंच बोलली आणि बाहेर येऊन दार ओढून घेतलं. दाराला पाठ लावून उभी राहिली.

रणधीर मोबाइल घेऊन आला. तिचं तोंड बघून त्यानं तो खिशात घातला आणि तिच्या शेजारी तसाच पाठ लावून उभा राहिला. पंचनाम्याचे कागद घेऊन तलाठी आले, तर म्हणाला, "साहेब, जरा दम धरा. आत काम चालू हाय."

"कसलं काम?"

"गरजेचं."

तलाठ्यांनी दम धरला.

दार आतून ढकललं गेलं. साठीची एक किडकिडीत बाई बाहेर आली.

"हे तुमी आणलंय व्हय?"

"व्हय."

"नाडा आखूड हाय. गाठ बसंना नीट. असं शिवत्यात व्हय कुठं?"

रणधीरचा चेहरा पडला. सकाळपासून इथं कुणी तक्रार केली नव्हती. त्यानं तोंड उघडलं, तसा धुरपदाबाईनं त्याला कोपरानं बाजूला सारलं. भूकंपात त्या जरीच्या साडीपायी तिनं स्वतः दोनदा हात जोडले होते. पहिला फोटो हलला म्हणून पुन्हा.

"चुकलं बाई," ती म्हणाली. "शिंप्याला सांगते."

"सांगा," बाई म्हणाली. तिनं पदर कमरेला गच्च खोचला आणि तलाठ्यांना म्हणाली, "चला. घर दावते. भिताड तरी हुबं हाय का बघू."

ती चिखलातनं पुढं निघाली, तलाठी चपला हातात घेऊन तिच्या मागं.