साडेसात ते साडेदहा

दीपा संडासात जाऊन बसली होती आणि बाहेर यायला तयार नव्हती. बाहेर ममता एका हातानं केस सावरत दुसऱ्या हातानं पत्र्याचं दार बडवत होती. सात वीस झाले होते. दवाखान्यात आठला अंगठा लावायचा. आठ दहा झाले तर अर्ध्या दिवसाचा पगार कापतात. घरापासून दवाखाना पायी वीस मिनिटं.

"निघते का नाई व बाहेर? का तोडू दार?"

"पोट दुखून राह्यलं, मम्मी."

"रोजच काहून दुखते तुह्यं पोट? क्लासची वेळ झाली का दुखते. शाळेत बरं नाई दुखत!"

एवढं तिच्याच तोंडून निघालं होतं, तर तिथंच थांबून दोन मिनिटं विचार करायला काय हरकत होती? पण सात वीसला विचार करायची सवड कोणत्या कामाच्या बाईला असते, ते मला सांगा. दार उघडलं तसं तिनं पोरीला दंडाला धरून ओढलं, पाठीत एक धपाटा घातला आणि दप्तर खांद्याला अडकवलं. आठ वर्षांची दीपा त्या दिवसाचा पहिला मार खाऊन रडत घराबाहेर पडली.

दारव्ह्यात दीपाचा बाप संघदीप मालकाची काळीपिवळी जीप चालवतो. सकाळी सहाला यवतमाळची पहिली फेरी, संध्याकाळी परतायला आठ. ममता एका खाजगी दवाखान्यात आया आहे, आठ ते सात. आणि दीपाची तिसरीची शाळा साडेदहा ते पाच. म्हणजे शाळेच्या वेळात पोर शाळेची. पण सकाळचे तीन तास आणि संध्याकाळचे दोन-अडीच तास ती कोणाची? संघदीपची आई कौसल्याबाई गावाकडे अजून शेतात निंदणाला जाते. आठ दिवस येऊन राहिली आणि म्हणाली, "बाबू, माही मजुरी बुडून राह्यली. मले बसून कोन खाऊ घालते?" तिचंही खोटं नव्हतं.

दारव्ह्यात पाळणाघर एकच, बँकवाल्यांच्या कॉलनीत. महिन्याचे सव्वीसशे. ममताचा पगार आठ हजार, खोलीभाडं अडीच हजार. त्या बाईंनी सव्वीसशे म्हटल्यावर ममता पाणीसुद्धा न पिता उठली होती.

मग बाबाराव सरांचा क्लास सापडला. सातशे रुपयांत दोन्ही टाइम, शाळेत पोचवून देणं आणि आणणंही त्यातच! एकतीस लेकरं होती त्यांच्याकडे. हमालाची, धुणीभांडी करणाऱ्यांची, हॉटेलात पोळ्या लाटणाऱ्यांची. त्यातल्या एकाही आईबापानं कधी "आम्ही लेकरू सांभाळायला ठेवतो" असं म्हटलं नाही. ते म्हणताना जीभ अडखळते. घरात कोणी नाही, हे कबूल केल्यासारखं होतं. "क्लासले टाकलं" म्हटलं की मात्र मान वर होते. आणि एकदा क्लास म्हटला की मार आलाच. मार खाल्ल्याशिवाय कोण शिकलं आहे, हे आपल्याकडे सगळ्यांना तोंडपाठ.

नाव घालायच्या दिवशी संघदीपनं दीपाला सरांपुढे उभं केलं. हात जोडले. "जयभीम सर. मी आठवीत शाळा सोडली. कोनी कान पिळणारंच नव्हतं. हिले मोठ्ठी मॅडम कराची हाय. हाडं आमची, चामडी तुमची. मारा, झोडा, आमी इचाराले येनार नाई."

सर हसले. त्यांच्यासाठी हे नवीन नव्हतं. एकतीसपैकी बहुतेक बापांनी हेच म्हटलं होतं, आणि तेही असंच छाती पुढे काढून. दीपा मधे उभी राहून एकदा बापाकडे, एकदा सरांकडे बघत होती.

बाबाराव हा काही राक्षस नव्हता. बी.एड. झालेला, चौदा वर्षं विनाअनुदानित शाळेत फुकट राबलेला, लग्न न जमलेला माणूस. एका टिनाखाली एकतीस पोट्टे पाच-साडेपाच तास चूप बसवायचे, तेही एकट्यानं. कसे बसवाल? त्यानं एक तोड काढली होती. तिला तो "लाइन" म्हणायचा.

ज्याची चूक, त्यानं पुढे येऊन हात पाठीमागे बांधून उभं राहायचं. बाकीच्यांनी रांग लावायची. एकेकानं यायचं, एक थापड मारायची आणि जागेवर जाऊन बसायचं. ज्याची थापड हलकी पडेल, त्याला सरांच्या हातातल्या बोअरच्या नळीचा तडाखा. त्यामुळे थापड हलकी कोणाचीच पडत नव्हती. पाच वर्षांचं पोरगंही दात खाऊन मारायचं. सर खुर्चीत बसलेले, मोबाइल बघत. आणि आईबाप खूश! "सरचा धाक भारी हाय वो, पोट्टे आवाज काढत नाई."

त्या दिवशी संध्याकाळी दीपानं दोनदा करंगळी वर केली. सरांनी दोनदा "बस खाली" म्हटलं. तिसऱ्यांदा तिनं विचारलंच नाही. सतरंजी ओली झाली, शेजारची पोरगी ओरडून बाजूला सरकली.

"लाइन!" सर म्हणाले.

दीपा पुढे गेली. हात मागे घेतले. पहिली थापड, दुसरी, पाचवी. गालफडं लाल, मग जांभळी. ओल्या चड्डीनं मांड्या चिकटत होत्या आणि पोट्टे तिच्याकडे बघून हसतही होते, कारण आजचा नंबर आपला नव्हता; उद्या असेल हे प्रत्येकाला ठाऊक होतं. नवव्या नंबरला इंद्रजीत आला. तांड्यावरच्या सुखीबाईचा पोरगा, चौथीतला, हाडापेरानं मोठा. काल हलकं मारलं म्हणून त्याच्या पाठीत चार नळ्या बसल्या होत्या. त्यानं हात मागे नेला आणि सगळं अंग त्यात घालून दीपाच्या डाव्या कानावर हाणला. दीपा भिंतीवर जाऊन आदळली.

"उठ. उभी राह्य," सर मोबाइलमधून डोकं न काढता म्हणाले.

ती उठली. अहो, ती पुन्हा उठून उभी राहिली आणि हात पुन्हा मागे बांधले! एकविसावी थापड झाल्यावर कानातून रक्ताची धार मानेवर आली, तेव्हा कुठे सरांनी वर पाहिलं. कापूस कोंबला. मान पुसली. "पाय घसरून पडली म्हनजो घरी."

ममता साडेसातला घरी आली. पोर भिंतीकडे तोंड करून निजलेली. "दीपा, ऊठ, हातपाय धू." उत्तर नाही. "दीपा!" तरी नाही. दिवसभर लोकांचे बेडपॅन उचलून आलेली बाई. डोकं सरकलं तिचं. "भैरी झाली का व?" म्हणत तिनं पाठीत एक रट्टा दिला. पोर दचकून वळली, आणि ममताला तो लाल कापूस दिसला.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी कानात बॅटरीचा उजेड मारला आणि बराच वेळ हटवला नाही. "पडदा फाटलाय. भोक मोठं आहे. भरलं तर भरलं, नाहीतर ऑपरेशन. या कानानं पूर्वीसारखं ऐकू येईल असं मी सांगत नाही." मग त्यांनी दिव्याखाली तिचे गाल पाहिले. "ममताबाई, ही बोटं मोठ्या माणसाची नाहीत. लहान मुलांची आहेत. आणि एकदोघांची नाहीत."

मग दीपा बोलली. हळूहळू, नळ टपकावा तसं एकेक. लाइनचं सांगितलं, नळीचं सांगितलं. आपणही इतरांना मारतो, तेही सांगितलं. गाडी लावून संघदीप तिथंच पोचला होता. त्याचा चेहरा काळानिळा पडला.

"अन् मले काहून नाई सांगतलं, बेटा? चार महिने?"

"तुमच्यासमोरच त ठरलं होतं न, बाबा," दीपा म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. बापानं करार केला आहे, तो पाळायचा असतो, एवढंच तिला माहीत होतं.

संघदीप दवाखान्याबाहेर आला. गाडीतली चाक खोलायची टामी काढली आणि तडक बाबारावच्या ओट्यावर गेला. बाबाराव जेवायला बसत होता. पहिला वार मनगटावर पडला. हाड मोडल्याचा आवाज शेजाऱ्यांनी ऐकला. दुसरा खांद्यावर. तिसऱ्यानं डोकंच फुटलं असतं, पण चार जणांनी संघदीपला कमरेला धरून मागे ओढलं. तो ओरडत होता, "माह्या पोरीचा कान दे मले! कान दे!" त्याला वाटलं, आपण बाप म्हणून काहीतरी केलं. काय केलं? दुसऱ्या दिवशी बाबारावचीच तक्रार आधी ठाण्यात गेली.

रविवारी सकाळी टिनाखाली सगळे आईबाप जमले. लेकरं एका कोपऱ्यात बसवलेली. बाबारावचा हात प्लॅस्टरमध्ये गळ्यात. तो म्हणाला, "झालं ते झालं. मी माही तक्रार मागं घेतो. त्याइचा परवाना वाचन, गाडी वाचन. त्याइनं बी तक्रार करू नये. अन् दीपाले मी दहावीपर्यंत फुकट ठेवतो. एक रुपया नको."

फुकट! सगळ्यांनी माना डोलावल्या. संघदीप खाली मान घालून बसला होता. गाडी सुटली तर घर कसं चालेल, हे त्याच्यापेक्षा कोणाला जास्त कळत होतं?

"नाई," ममता म्हणाली. "म्या ठाण्यात लिवून देनार हाय. त्याइचं जे व्हाचं ते होईन, आमचं बी होईन."

गलका उठला. "क्लास बंद पडला त आमची लेकरं कोठी ठेवू?" "तुही एकटीचीच पोरगी हाय का?" आणि सुखीबाई उठलीच. हॉटेलात पहाटेपासून दोनशे पोळ्या लाटणारी बाई; नवरा देवसिंग पुण्याला बिगारी कामावर. तिनं ममताचे केस मुठीत धरले आणि तिला खाली वाकवलं.

"तुही पोरगी सोन्याची, अन् आमची काय गोट्याची? उद्या मी याले संगं घेऊन भट्टीपाशी बसू? भाजून मारू?" तिनं ममताच्या तोंडात मारली. ममताच्या ओठातून रक्त आलं. संघदीप धावला, दुसऱ्या बापांनी त्याला धरलं, बाया किंचाळू लागल्या, कोपऱ्यातली बारकी लेकरं मोठ्यानं रडायला लागली.

त्या कालव्यात बाबारावच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "चूप! लाइन!"

आणि रडणं एकदम थांबलं. सगळी लेकरं उठली. कोणी कोणाला ढकललं नाही. आईबापांच्या देखत ती एकामागे एक उभी राहिली. आणि कानावर पट्टी बांधलेली दीपा आपणहून पुढे आली, पाठीमागे हात बांधले, गाल पुढे केला. रांगेत पहिला इंद्रजीत होता. त्याचा हात वर गेला.

"इंद्रजीत!" सुखीबाईच्या मुठीतून केस सुटले. "काय करून राह्यला रे?"

त्यानं हात खाली घेतला नाही. "याडी," तो आईला म्हणाला, "हळू मारलं त मलेच नळी बसते."

सुखीबाई त्याच्याजवळ गेली. सदरा वर केला. पाठीवर बोटभर जाडीचे पट्टे होते; काही हिरवे पडलेले, काही ताजे. पोरगा मोठा झाला, आता स्वतः आंघोळ करतो, म्हणून तिनं कित्येक महिन्यांत ती पाठ पाहिली नव्हती. मग एकेका आईनं आपलं लेकरू ओढलं आणि कपडे वर केले. प्रत्येक पाठीवर तेच पट्टे होते.

सुखीबाईनं कोपऱ्यातली नळी उचलली आणि बाबारावकडे वळली. तो भिंतीला टेकला. मधे ममता येऊन उभी राहिली, ओठातलं रक्त न पुसता.

"बाजू हो, ममता."

"नाई. आता कोनीच कोनाले मारनार नाई. माह्या घरातून बी रोज सकाळी मारच निघत होता, बाई. चाल, ठाण्यात चाल. जे झालं ते लिवून देऊ. आपन मुभा देल्ली होती, हे बी लिवू."

अकरा घरं गेली. बाकीची घरं गेली नाहीत. त्यांना मी नावं ठेवत नाही, पण माफही करत नाही. संघदीपनं "मारलं म्या, लिवा" म्हणून आपल्या नावची केस अंगावर घेतली. गाडी मालकानं काढून घेतली. ममता म्हणाली तसंच झालं, सगळं झालं.

आणि मग सोमवार उजाडला. सोमवार कोणासाठी थांबत नाही. टिनाला कुलूप होतं. साडेसातला ममता आणि सुखीबाई पंधरा लेकरं घेऊन शाळेच्या फाटकापुढे येऊन बसल्या. आत सहा खोल्या, नळ, संडास, लांबलचक व्हरांडा, सगळं रिकामं आणि कुलूपबंद. शिपायानं फोन केला, तसे मुख्याध्यापक मोटारसायकलवर आले. सभ्य माणूस. आवाजही चढवला नाही.

"हे बघा बाई, तुमचं दुःख मला समजतं. पण शाळा साडेदहाची. त्याआधी या मुलांची जबाबदारी आमची नाही."

"मंग कोनाची, सर?"

त्यांनी घड्याळ पाहिलं, शिपायाकडे पाहिलं. दीपा डोकं वळवून उजवा कान त्यांच्याकडे करून उभी होती, उत्तर ऐकायला.

तुम्हीही हे वाचताना मनात म्हटलं असेल, की बिचारीनं नोकरी सोडायला हवी होती, की आजीनं यायला हवं होतं, की सरकारनं काहीतरी करायला हवं. म्हणा. पण तुमच्या गावातही अशी शाळा आहे, असा रिकामा व्हरांडा आहे, आणि कुठल्यातरी टिनाखाली "धाक भारी आहे" म्हणून नावाजलेला एखादा क्लास आहे. तिथं आत काय चालतं, ते तुम्ही एकदा तरी डोकावून पाहिलं आहे का?

ममताला त्या दिवशी दवाखान्यात अंगठा लावता आला नाही. मंगळवारीही आला नाही. ती फाटकापुढेच बसून आहे, आणि जो कोणी येईल त्याला ती मुख्याध्यापकांना विचारलेला तोच एक प्रश्न विचारते.