रविवारपुरता गेम

बळीराम पाटलांनी काचेच्या काउंटरवर बोट टेकवलं, ते आतल्या व्हिडिओ गेमच्या एका डबीवरून हलूच दिलं नाही. डबीवर डोक्यापेक्षा खांदे मोठे असलेला एक बॅट्समन होता आणि त्याच्यासमोर पेटलेला चेंडू.

"ह्यो. इकत पायजे."

दुकानदार कुमारने मान वर केली आणि त्यांना ओळखलं. ते या दुकानात पूर्वी कधी आले नव्हते. पण विचुंब्याच्या नाक्यावर श्रद्धांजलीचा फ्लेक्स अजून होता, त्यावर दुकानाच्या नेहमीच्या गिऱ्हाइकाचा, भावेशचा फोटो होता, आणि समोरचा चेहरा तोच, फक्त म्हातारा. काय बोलावं ते कुमारला सुचेना. काही सुचेनासं झालं की माणूस धंद्याचं बोलतो.

"काका, हा विकत घेऊ नका. भाड्याने न्या."

मग प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचा ते त्याने सगळं सांगितलं. क्रिकेटचे गेम दोन जातींचे. एकात खरं क्रिकेट असतं, फिल्डिंग लावावी लागते, खेळपट्टी बघावी लागते. ते घ्यावेत विकत, वर्षभर पुरतात. दुसरे हे असे. दोन बटणं दाबायची, चेंडू पेट घेतो, षटकार गावाबाहेर जातो, एलबीडब्ल्यू नाही की काही नाही. एक दिवस धमाल, चार दिवसांनी डबीवर धूळ.

बळीराम ऐकत होते. भाड्यानेच आण, असं त्यांनीही भावेशला सांगितलं होतं. फक्त कारण वेगळं होतं.

मिठागर कधीच गेलं होतं. शेत बिल्डरने घेतलं, बदल्यात मिळालेल्या खोल्यांची भाडी घरबसल्या येऊ लागली आणि बळीरामना दिवसभर काही काम उरलं नाही. भावेश मात्र आठवड्याचे सहा दिवस गोदामात कंटेनरच्या मागे. रविवारी मटणाचं जेवण झालं की तो टीव्हीला हा गेम जोडायचा आणि दुसरा रिमोट बापाच्या हातात द्यायचा. मीठ ओढून ओढून ताठलेल्या त्या बोटांना दोनच बटणं झेपत होती. तरी बळीराम जिंकायचे, आणि जिंकले की गप्प बसणाऱ्यातले ते नव्हते. संध्याकाळी देवळाच्या पायरीवर बसून सांगायचे, पोरगा ग्रॅज्युएट झाला खरा, पण बापाला हरवायला त्याला अजून बरंच मीठ खावं लागेल.

दर आठवड्याला आणा-पोचवा करण्यापेक्षा एकदाच विकत का घेत नाही, असं बायकोने, हौसाने, एकदा विचारलं होतं. तेव्हा बळीराम म्हणाले होते, ज्या दिवशी हा मला हरवील त्या दिवशी मीच घेऊन देईन. भावेश खाली मान घालून हसला होता.

गेल्या महिन्यात पळस्पे फाट्यावर त्याची मोटरसायकल ट्रेलरखाली आली.

दहाव्याला गाढी नदीच्या काठावर पिंड ठेवला, तर कावळा शिवेना. कावळे समोरच्या झाडावर बसून होते, उतरत नव्हते. हौसाने हात जोडून सांगितलं, रोशनीचं लग्न थाटात करू, बहिणीची काळजी करू नकोस. चुलता दादू म्हणाला, तुझ्या नावाने टूर्नामेंट भरवू. मित्रांनी काय काय कबूल केलं. ऊन चढलं, भटजी घड्याळ बघू लागले. शेवटी बळीराम पुढे झाले. "हरलो रे बाला," ते म्हणाले. "तू जिकलास. गेम इकत आनतो."

कावळा खाली उतरला आणि पिंडाला शिवला. तेव्हापासून हौसा बंद टीव्हीसमोर बसून होती. पोराचा जीव कशात अडकला होता ते कळलं, आता तेवढं आणा, एवढंच ती म्हणत होती.

हे सगळं बळीरामनी कुमारला सांगितलं, मोडक्यातोडक्या वाक्यांत, डबीवरचं बोट न उचलता. कुमारने डबी बाहेर काढली. ती पुसली. पुन्हा पुसली.

"काका, एक सांगू? भावेशला हा विकत नको होता."

"कसा नको? दर रविवारी नेयाचा ना?"

"न्यायचा. म्हणून मीच त्याला म्हटलं होतं, घेऊन टाक, निम्म्या किमतीत देतो. तर म्हणाला, नको. ही डबी कायमची घरी यायची तर मला बाबांना हरवावं लागेल. मग ते परत खेळायला बसणार नाहीत."

बळीरामचं बोट आता रिकाम्या काचेवर होतं.

"मंजे त्यो मुद्दाम..."

कुमारने पुसलेली डबी काउंटरवर ठेवली. दुकानात कोपऱ्यात गिऱ्हाइकांना दाखवायला ठेवलेला टीव्ही होता. बळीराम त्याच्यासमोरच्या स्टुलावर जाऊन बसले.

"लाव. माज्यासंगं खेल. आन सोडायचं नाय."

कुमारने आधी नाही म्हटलं, मग लावला. त्याने सोडलं नाही. बळीरामचा पहिला चेंडू पायामागून गेला, दुसरा दिसलाच नाही. दर रविवारी ज्या फटक्यावर चेंडू पेट घ्यायचा तो फटका त्यांनी तीनदा मारला आणि तिन्ही वेळा दांड्या उडाल्या. चहा सांगून येईपर्यंत खेळ आटोपला.

"त्यो पन असाच खेलायचा?"

"माझ्यापेक्षा भारी, काका. मला त्याला कधीच हरवता आलं नाही."

बळीराम पडद्याकडे बघत राहिले. स्मशानात त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं नव्हतं, दहाव्यालाही नाही; लोक त्यांना धीराचा माणूस म्हणत होते. आता त्या नव्या पनवेलच्या दुकानात, पोरांच्या खेळासमोर, ते रडले. देवळाच्या पायरीवर आपण काय काय बोललो ते त्यांना शब्दन् शब्द आठवत होतं. कुमारने शटर अर्ध्यावर ओढलं आणि पाण्याचा ग्लास आणून शेजारी ठेवला.

बऱ्याच वेळाने त्यांनी तोंड पुसलं, पाकीट काढलं आणि डिस्कची पूर्ण किंमत दिली. कुमारने डबी पिशवीत घातली. बळीरामनी ती पिशवी काउंटरवरून परत त्याच्याकडे सरकवली.

"कावल्याला शब्द दिला, इकत घेतला. पन ऱ्हाऊ दे हितंच. रविवारी येन न्यायला, सोमवारी आनून देन."

"कोणाबरोबर खेळणार, काका?"

"भावेशच्या आयसबरोबर. ती दिसभर टीवीसमोर बसून हाय." ते पुन्हा स्टुलावर बसले आणि खाली ठेवलेला रिमोट त्यांनी उचलला. "तिला बटनं मी दाखवीन. तू मना येवढंच शिकव, कलू न देता हरायचं कसं."

कुमारने दुसरा रिमोट घेतला आणि डाव पहिल्यापासून लावला.